तपासणीपुढचा आकडा

वेंकू, तुला जाऊन महिनासुद्धा झाला नाही आणि तुझ्या नावानं माझ्याशी भांडायला माणसं उभी राहिली. तीही तुझ्याच शोकसभेत!

हॉस्पिटलच्या सभागृहात तुझा फोटो ठेवला होता. तुझ्यानंतर मेडिसिन विभाग ज्यांच्याकडे आला ते डॉक्टर भालेराव माईकवर आले. तुझ्याबद्दल चांगलं बोलले, खोटं कशाला सांगू. शेवटी म्हणाले, "सरांच्या वॉर्डात कॉम्प्युटरवर प्रत्येक तपासणीसमोर तिची किंमत दिसते. सरांचा याला पहिल्यापासून विरोध होता. ते आकडे काढून टाकणं हीच सरांना खरी श्रद्धांजली ठरेल." आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. शोकसभेत टाळ्या! मी ट्रस्टी म्हणून पहिल्या रांगेत बसले होते. रडून रडून नाक लाल झालं होतं, ते आता रागानं लाल झालं. अध्यक्षांनी माझ्याकडं बघितलं आणि घाईघाईनं सांगून टाकलं, की सोमवारी ट्रस्टची बैठक आहे, विषय तिथं घेऊ.

मी घरी आले ती कंबर कसूनच. तुझ्या दुःखात पडून राहायला सवडच मिळाली नाही बघ. आणि खरं सांगते, बरं वाटलं. भांडण म्हटलं की माझ्या अंगात दहा माणसांचं बळ येतं, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक?

तुझं-माझं लहानपणापासून हेच. चाळीत शेजारी-शेजारी दारं, दोन्हीकडं कापड विणायच्या मागांची खटखट. तुझी आई तेलुगूत ओरडायची, माझी मराठीत, आणि आपल्याला दोन्हीतले मार कळायचे. तू गाड्यावर पेरू घ्यायचास ते सांगेल त्या भावानं. मी तुझ्या हातातून पेरू घेऊन परत जायचे आणि पेरूवाल्याशी भांडून आणखी दोन आणायचे. तुला त्याची लाज वाटायची. "अक्का, चल की, लोक बघतेत," असं माझी ओढणी ओढत म्हणायचास. पेरू मात्र खायचास.

पुढं तू डॉक्टर झालास आणि मी कडक भाकऱ्या करून विकायला लागले. ज्वारीच्या अडत्यांशी भांडले, पोत्यात खडे घालणाऱ्यांशी भांडले, टेम्पोवाल्यांशी भांडले, आणि आज माझ्या कारखान्यातली भाकरी आणि शेंगाचटणी पार पुण्या-मुंबईला जाते. म्हणून तर तू मला ट्रस्टवर ओढलंस. "अक्का, हातमोज्यांपासून औषधांपर्यंत सगळे आम्हाला लुटतेत. तू ये आणि त्यांच्याशी बोल." मी आले, बोलले. पुरवठादारांनी आमच्याकडं चहाला थांबायचंच सोडलं.

इथवर तू खूश होतास. नंतर मी तुमच्या कॅन्टीनमध्ये बसून तो प्रश्न विचारला आणि तुझं बिनसलं.

तुझ्या हाताखालच्या शिकाऊ डॉक्टरांना मी सहज विचारलं होतं, की बाबांनो, तुम्ही रोज पेशंटच्या एवढ्या तपासण्या लिहिता, त्यातली एकेक केवढ्याला पडते? पोरं एकमेकांकडं बघायला लागली. एकानं थायरॉईडची किंमत सांगितली ती ऐकून चहाला आलेला बिलाच्या काउंटरवरचा माणूस हसला. दुसऱ्यानं सोनोग्राफी इतकी स्वस्त सांगितली की मी म्हटलं, मग मीच एक मशीन घेते. फक्त ती अस्मा, वडील ट्रान्सपोर्टमध्ये आहेत तिचे, ती खरं बोलली. "अक्का, आम्हाला कुणी सांगितलंच नाही कधी. बिल खाली होतं, आम्ही वर असतो."

वेंकू, मी थक्क झाले होते. चिडले नव्हते, थक्क. ज्याच्या हातानं खर्च होतो त्याला भाव माहीत नाही, असा धंदा मी जन्मात पाहिला नव्हता. मी बैठकीत विषय मांडला, की डॉक्टर कॉम्प्युटरवर तपासणी निवडतो तिथंच शेजारी तिची किंमत दिसू दे. बंदी नको, परवानगी नको, सही नको. नुसतं दिसू दे.

आणि तू सगळ्यांसमोर म्हणालास, "अक्का, हे भाकरीचं दुकान नाही."

ते वाक्य मी अजून गिळलेलं नाही, आणि तू फोटोत जाऊन बसलास म्हणून गिळणारही नाही. ज्या दुकानानं तुझ्या वॉर्डातल्या खाटा दिल्या त्या दुकानाबद्दल बोलत होतास तू. पण तुझं पुढचं बोलणं मात्र मी नीट ऐकलं होतं. तू म्हणालास, की किंमत दिसली की डॉक्टरचं लक्ष रोगावरून सुटतं आणि खिशावर जातं, आणि तो खिसाही दुसऱ्याचा. मी म्हटलं, आत्ता लक्ष कुठंच नसतं, नुसतं बटण दाबलं जातं. मग आपण चारचौघांत भाव करायला बसलो.

"सगळ्या हॉस्पिटलात लावा," मी म्हटलं.

"कुठंच नाही."

"बरं, सगळे वॉर्ड."

"एक वॉर्ड. माझा, पुरुषांचा. बघू काय होतंय."

"दोन की रे."

"एक. आणि मी भाव करत नाही, तुला माहीत आहे."

"करत नाही? मग आत्ता 'कुठंच नाही'वरून 'एक'वर कसा आलास?"

अध्यक्षांना हसताना ठसका लागला. तुझे कान लाल झाले, अगदी पेरूच्या गाड्यापाशी व्हायचे तसे.

आकडे लागले आणि काय दिवस होते ते! मी रोज काहीतरी निमित्त काढून वॉर्डात यायचे. पोरं कॉम्प्युटरसमोर थबकायची. "अरे, ही एवढ्याला आहे?" "मग आपण दोन्ही कशाला पाठवतोय? एकातच कळतं की." मला हे कानावर पडलं की नाचावंसं वाटायचं. तुमच्या वॉर्डातली ती एक रीत मला तेव्हाच कळली. सकाळी तुझ्या राउंडच्या आधी पोरं एक बटण दाबायची, आणि कालच्या सगळ्या तपासण्या आजच्या तारखेला पुन्हा लागायच्या. त्या बटणाला त्यांनी नावच ठेवलं होतं, 'कालचंच'. पेशंट बरा होऊन खाटेवर पेपर वाचत बसलाय आणि त्याच्या दंडातून रोज रक्त काढणं चालूच, का, तर काल काढलं होतं म्हणून! आकडे दिसायला लागल्यावर 'कालचंच' कमी झालं. तू फोन करून कोरडेपणानं विचारलंस, "काय, खूश?" मी म्हटलं, "अजून कुठं? दुसरा वॉर्ड दे."

पुढं मात्र सगळं हळूहळू पूर्वीसारखं व्हायला लागलं. आकडे तिथंच होते, पण पोरांची बोटं थबकेनाशी झाली. माझं डोकं फिरलं. मी अस्माला जिन्यात गाठलं. "काय गं, डोळ्यांना दिसेना का आता?"

ती म्हणाली, "अक्का, आकडा दिसतो ना. पण राउंडला सर दिसतात."

"म्हणजे?"

"सर विचारतात, आजचं रक्तातलं सोडियम किती? नसलं तर सगळ्यांसमोर उभं करतात. मग कोण रिस्क घेणार? पैसे पेशंटचे जातात, इज्जत आमची जाते."

मी तशीच तुझ्या खोलीत आले आणि दार न वाजवता आत शिरून तुला ऐकवलं. तपासण्या पोरं लिहितात, पण त्या तुझ्या धाकानं लिहितात, असं तोंडावर सांगितलं. पोरीचं नाव मात्र घेतलं नाही. तू चष्मा काढलास, पुसलास, आणि म्हणालास, "झालं? मला ओपीडी आहे." एवढंच. मी जिना उतरताना तुला शिव्या देत होते.

आणि मग अस्माचाच फोन आला. तिला हसू आवरत नव्हतं. "अक्का, सरांना काय झालंय? आज राउंडला मी घाबरत घाबरत रिपोर्ट पुढं केला, तर म्हणाले, 'आजचं सोडियम कशाला केलं?' कालपर्यंत 'किती' विचारायचे, आज 'कशाला' विचारतात! अर्ध्या वॉर्डाला उत्तर देता आलं नाही."

वेंकू, तुझ्या एका शब्दानं जे झालं ते माझ्या नुसत्या आकड्यांनी होत नव्हतं. पोरं आता आकडाही बघायला लागली, कारण 'कशाला'चं उत्तर तयार ठेवावं लागायचं. तू हे मला कधी सांगितलं नाहीस. मीही कळलंय असं दाखवलं नाही. आता सांगते. त्या दिवशी मी कारखान्यात सगळ्या बायकांना जिलेबी वाटली. कशाची, असं त्यांनी विचारलं, तर म्हटलं, एक खडूस माणूस वठणीवर आला.

मग सांगोल्याकडचा तो म्हातारा आला आणि सगळं विस्कटलं.

तू मोटार घेऊन थेट माझ्या कारखान्यात आलास. भाकरी थापणाऱ्या बायकांचे हात थांबले, इतका तुझा आवाज चढला होता. मी तुला एवढं ओरडताना आधी कधी पाहिलं नव्हतं, ओरडणं हे माझं खातं. तू सांगितलंस, की म्हाताऱ्याला ताप होता आणि पोटात उजवीकडं दुखत होतं. सोनोग्राफी पहिल्याच दिवशी व्हायला हवी होती. तुझ्या हाताखालच्या एका शिकाऊ पोरीनं किंमत बघितली, त्याचं विटकं धोतर आणि मुंडासं बघितलं, तिला दया आली, आणि औषध देऊन आधी ताप उतरतोय का बघू, असं तिनं परस्पर ठरवलं. तू बाहेरगावाहून परत येऊन त्याच्या पोटाला हात लावेपर्यंत यकृतात पू वाढत होता. पू काढला, म्हातारा वाचला. तू त्याला विचारलंस, की बाबा, खर्चाची अडचण होती का? तर तो भडकला. "माझ्याकडं पैकं न्हाईत आसं कुणी सांगितलं तुमाला? डाळिंबाची बाग हाय माझी. गाडी करून आलोय हितं. मला इचारलं का कुणी?"

हे सांगताना तुलाच हसू फुटलं आणि त्याचाच तुला जास्त राग आला. "बघ अक्का, हे तुझ्या आकड्याचं काम आहे. मी पहिल्या दिवशी हेच म्हणालो होतो."

"आकड्यानं धोतर बघितलं का रे?" मी पण सुटले. "ते माणसानं बघितलं. आकडा खोटा होता का? माणसाला न विचारता त्याची ऐपत ठरवणं, हे तुम्ही डॉक्टर लोक आकडे नव्हते तेव्हाही करत होता."

"आणि तो मेला असता तर?"

मी गप्प बसले नाही, मी कधीच बसत नाही. पण काय बोलले ते आठवत नाही, म्हणजे बोलण्यात दम नसणार. तू मोटारीत बसलास. काच खाली करून म्हणालास, "अक्का, तू अर्धी बरोबर आहेस."

"अर्धी कुठली?"

"शोध," म्हणालास आणि गेलास.

त्याच आठवड्यात तू खरोखरच गेलास. सकाळी राउंडला निघालेला माणूस, वॉर्डाच्या दारात बसला तो उठलाच नाही. मी धावत आले तेव्हा तुझे बूट कुणीतरी बाजूला नीट लावून ठेवले होते. मला तुझ्या तोंडाकडं बघवेना, मी त्या बुटांकडंच बघत राहिले. टाच झिजलेली. एवढा मोठा डॉक्टर, नवे बूट घ्यायला काय झालं होतं रे? दुकानदार सांगेल ती किंमत मोजणारा माणूस तू, स्वतःसाठी मात्र दुकानात जायचाच नाहीस.

माझी तक्रार तुझ्या मरण्यावर नाही. मरणाशी कोण भांडणार, तिथं कुणी ऐकूनच घेत नाही. माझी तक्रार ही, की सौदा असा मधेच टाकून उठायचं नसतं. बाजारात असं कुणी केलं तर मी त्याला पुन्हा दारात उभं करत नाही. 'अर्धी' म्हणून गेलास, आणि सोमवारी मला त्या अर्ध्यावर लढायचं होतं.

रविवारभर मी तुझ्याशी भांडले. मनातल्या मनात नाही, मोठ्यानं. आमची धुणेवाली घाबरून लवकर गेली.

सोमवारी बैठकीत भालेराव तयारीनं आले होते. वॉर्डाचा अनुभव सांगायला त्यांनी अस्मालाही बोलावलं होतं. ते बराच वेळ बोलले. आकड्यांनी काही काळ फरक पडतो, मग सवय होते, उगाच कटकट कशाला, आणि सर विरोधात होते. बोलून ते खाली बसले, आणि माझ्या लक्षात आलं, की यांना सांगोल्याचं माहीतच नाही! अध्यक्षांना नाही, कुणालाच नाही. वेंकू, तू ते हॉस्पिटलात कुणालाही सांगितलं नव्हतंस. एवढं मोठं हत्यार तुझ्या हातात होतं. अध्यक्षांना नुसता फोन करून म्हणाला असतास, की हिच्या आकड्यांपायी माणूस मरता मरता वाचला, तर मी त्याच दिवशी भुईसपाट झाले असते. पोरीचं नाव खराब होऊ नये म्हणून गप्प बसलास, हे मला कळतं. पण माझ्यासाठीही बसलास ना? मला हरवायचं होतं तुला, पण असं नाही. मी पदर डोळ्यांना लावला. लोकांना वाटलं, अक्का हरली म्हणून रडतेय.

आता मी गप्प राहिले असते तर जिंकलेच असते. भालेरावांच्या एकेका मुद्द्याला माझ्याकडं उत्तर होतं. मी उभी राहिले आणि सांगोल्याच्या म्हाताऱ्याची गोष्ट मीच सांगितली. डॉक्टरचं नाव न घेता, बाकी सगळी. धोतरासकट, डाळिंबासकट.

मागून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. अस्मा उभी होती.

"ती डॉक्टर मी होते," ती म्हणाली. "सरांनी मला एकच सांगितलं. 'तुला दया आली ते ठीक. पण तू त्याला विचारलं नाहीस.' आकडे काढू नका सर. आकडे काढले तर मला परत काहीच दिसणार नाही. फक्त विचारायची सक्ती करा."

मी संधी सोडते का? मी लगेच भाव टाकला. कॅज्युअल्टीत आकडे कधीच नकोत, तिथं तुझं म्हणणं शंभर टक्के मान्य, जीव जात असताना कुणाची नजर किमतीवर जायला नको. वॉर्डात मात्र आकडे राहतील. किमतीमुळं एखादी तपासणी गाळायची किंवा पुढं ढकलायची असेल, तर पेशंटला किंवा नातेवाईकांना विचारल्याशिवाय नाही. आणि राउंडला मोठा डॉक्टर 'किती'च्या आधी 'कशाला' विचारेल.

"सहा महिन्यांपुरतं ठेवू," भालेराव म्हणाले.

"कायमचं. आणि बायकांच्या वॉर्डातही."

"मॅडम, मी काढायला सांगत होतो, तुम्ही वाढवताय!"

"मग तुम्हीच सांगा, तुम्हाला काय नको? आकडा नको का विचारणं नको?"

ते पेन खाली ठेवून हसले. बरा माणूस आहे तसा, तुझ्या हाताखाली राहिलाय. म्हणाले, "दोन्ही वॉर्ड. वर्षानं पुन्हा बघू." मी वर्ष मान्य केलं. वर्षानं मी असेनच. दोन्ही वॉर्ड मिळाले, वेंकू! तू मला एकावर अडवून ठेवलं होतंस!

तुझी अर्धी कुठली आणि माझी कुठली, ते मी असं वाटून टाकलं. पटलं नसेल तर येऊन सांग.

काल बायकांच्या वॉर्डात आकडे लागले. मी बघायला गेले, राहवेना. कुंभारी गावची एक म्हातारी, दम लागतो म्हणून आलेली. अस्मा तिच्या उशाशी वाकून सांगत होती, "आज्जी, हृदयाची एक तपासणी करायची. दम कशानं लागतो ते त्यात कळेल. खर्च एवढा येईल. करू का?"

म्हातारी म्हणाली, "काय तरी कमी कर की बाय."

अस्मानं माझ्याकडं बघितलं. मीही तोंड उघडलं होतं, जन्माची सवय. पण अस्माच बोलली, "हिच्यात कमी नाही होत आज्जी, ही लागतेच. पण ही रक्ताची उद्यासाठी लिहिलीय ना, ही परवाच झाली तुमची. ही मी काढते."

म्हातारीनं दोन्ही हात वर करून तिच्या गालांवरून फिरवले आणि कानशिलावर बोटं मोडली. मग माझ्याकडं वळून म्हणाली, "लई गुणाची हाय की पोरगी. कुणी शिकिवलं म्हणायचं हिला?"

मी तुझं नाव सांगितलं. तिनं ते ऐकलेलं नव्हतं.

"कोन ते?" तिनं विचारलं.

मग मी स्टूल ओढून तिच्या खाटेशी बसले आणि तुझ्याबद्दल सांगायला लागले. सुरुवात भांडणापासूनच केली.